रोलमधला आठवा फोटो

ह्यांना काळवीट बघायचं होतं, आणि मला सायकलच्या कॅरिअरवर बसून पाय आखडून घ्यायचे नव्हते. आमच्या लग्नाचं पहिलं वर्ष एवढ्या एका भांडणात गेलं. भांडण रविवारी सकाळी चहाबरोबर सुरू व्हायचं आणि चिंचवडची शेवटची घरं मागे पडली की आपोआप थांबायचं, कारण पुढच्या वाटेवर मलाच काही बोलायचं सुचत नसे.

तेव्हा पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. हे तिथे तपासणीच्या टेबलावर होते. औषध भरलेली काचेची कुपी दिव्यासमोर धरायची, हळूच फिरवायची, आत एखादा कण, केस, काचेला तडा दिसतोय का ते बघायचं आणि पुढची उचलायची. दिवसभर हेच. डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणजे काय ते मला ह्यांच्याकडे बघून कळलं. आठवडाभर कुप्या न्याहाळल्यावर माणसाने रविवारी डोळे मिटून पडावं की नाही? पण ह्यांनी खडकीच्या बाजारातून एक जुना कॅमेरा आणला होता. कॅमेरा कसला, काळी पेटीच ती. पोटाशी धरायची आणि वरच्या एवढ्याशा काचेत खाली मान घालून बघायचं. एका रोलमध्ये आठ फोटो. रोल दोन-दोन महिने पुरवायचा, म्हणून प्रत्येक फोटोच्या आधी आमची चर्चा व्हायची, आणि ती संपेपर्यंत ससा निघून गेलेला असायचा.

मी बार्शीकडची, माळावर वाढलेली. ढेकळात बसलेला तित्तर मला चालता चालता दिसतो, त्यात माझं काही कौतुक नाही. हे रत्नागिरीकडचे. एवढं उघडं आभाळ ह्यांनी नोकरीला येईपर्यंत पाहिलं नव्हतं. काळवीट तर नाहीच. कुणीतरी कारखान्यात सांगितलं की महाळुंग्याच्या माळावर अजून कळप आहे, आणि तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात ते एकच खूळ बसलं.

तळवड्याकडे जाणारी ती वाट मला अजून झोपेत दिसते. बैलगाड्यांच्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा पट्टा. थंडीत त्या गवतावर दव असायचं आणि कॅरिअरवरून खाली लोंबणारे माझे पाय ओले व्हायचे. दोन्ही बाजूंना शाळू उभा. बाभळीच्या शेंड्यावर चास बसलेला असायचा, उडाला की तेवढ्यापुरतं निळं व्हायचं. धुकं इतकं खाली असायचं की समोरून येणाऱ्या माणसाचं आधी मुंडासं दिसायचं आणि मग माणूस. कुणी कुणाला थांबवत नसे. इंद्रायणीला उतार होता तिथे हे सायकल खांद्यावर घ्यायचे, मी कॅमेरा डोक्यावर धरायची आणि आम्ही गुडघाभर पाण्यातून पलीकडे जायचो. पाण्याच्या मधोमध पोचलं की हे थांबायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. मलाही थांबावंसं वाटायचं. पाणी पायांवरून जात राहायचं, टिटवी कुठेतरी ओरडायची, आणि आपण कुठल्या गावचे, कुणाचे कोण, हे काही वेळ आठवायचंच नाही. झोपेतल्या त्या वाटेवर आमच्या सायकलचा आवाज नसतो, एवढाच फरक.

फोटो मात्र एकेक बघण्यासारखे होते. खडकीच्या स्टुडिओवाल्याकडून धुऊन आणले की हे अल्बममध्ये चिकटवायचे आणि खाली लिहायचे, ‘खोकड’. त्यात खोकड नसायचं. नुसता दगड असायचा. ‘मोर, घोरवडेश्वराच्या पायथ्याशी’ ह्या फोटोत पायथा होता. एका फोटोच्या अगदी कडेला सशाचा मागचा पाय आणि शेपूट आलं होतं, तो आमचा सगळ्यात यशस्वी फोटो.

‘‘दगडांचा अल्बम झाला हो,’’ मी म्हणायची. ‘‘एवढे दगड चिकटवताय, एकदा माझाही काढा. की मला शेपूट नाही म्हणून चालत नाही?’’

‘‘तू कुठे पळून जाणार आहेस?’’ हे म्हणायचे. ‘‘ससा पळतो.’’

मी हसायची, पण मनातून मला ते लागायचं. लग्नात कुणी फोटो काढला नव्हता. वर्षभरात सहा रोल झाले आणि त्यांत बायको एकदाही नाही, हे कुठल्या बाईला बरं वाटेल?

मार्गशीर्षातल्या एका रविवारी तळवड्याच्या अलीकडे ह्यांनी सायकल बैलावर घातली. बैल वाटेत नव्हता, वाटेच्या कडेला उभा होता. चांगला खिलार, पांढराशुभ्र. मी कॅरिअरवरून त्याला लांबून बघत होते आणि ह्यांनाही दिसला असणार असं धरून चालले होते. वाट जरा वळली आणि हे सरळ त्याच्या पोटात गेले. बैल बिचारा दोन पावलं सरकला. आम्ही दोघं धुळीत पडलो. माझ्या कोपराला खरचटलं होतं, म्हणून मी तोंड सोडलं.

‘‘एवढा बैल दिसत नाही आणि निघालेत काळवीट बघायला.’’

हे नेहमीसारखे हसले नाहीत. कॅमेरा उचलून धोतराच्या सोग्याने पुसत बसले. मग म्हणाले, ‘‘बाजूचं दिसत नाही मला. समोरचं दिसतं. बाजूचं नाही.’’

ह्यांना सगळं माहीत होतं. दिवाळीच्या आधीच पुण्याच्या डॉक्टरांना दाखवून आले होते. डोळ्याच्या मागचा पडदा कडेकडेने वाळत चाललाय, औषध नाही, किती दिवस पुरेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मधोमध तेवढं गोल उरलं होतं. कुपी त्या गोलात मावायची, म्हणून काम चाललं होतं. ताट मावत नव्हतं. जेवताना ह्यांचा हात चटणी चाचपत फिरायचा आणि मी समजायची, लक्ष नाही, ह्यांच्या डोक्यात ससे आहेत.

‘‘म्हणून हा कॅमेरा,’’ हे म्हणाले. ‘‘त्या वरच्या काचेत सगळं एवढंसं होतं. पूर्ण झाड दिसतं मला त्यात. पूर्ण डोंगर दिसतो. मग वाटतं, पळणारं काहीतरी टिपता आलं तर अजून डोळे धड आहेत. सोमवारी कामावर जायला हरकत नाही.’’

मला इतका राग आला की सांगता येत नाही. आजाराचा नाही, ह्यांचा. मी मागे कॅरिअरवर बसून आठवडा-आठवड्याला ह्यांच्या पाठीशी बोलत होते आणि हा माणूस एकटाच स्वतःची परीक्षा घेत होता. मी म्हटलं, ‘‘मला सांगायला काय झालं होतं?’’ हे म्हणाले, ‘‘तू मग येऊ दिलं नसतंस.’’ ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले. कोपराचं रक्त पदराला पुसलं आणि म्हटलं, ‘‘चला आता. काळवीट बघायचंय ना तुम्हाला? मी दाखवते.’’

त्यानंतर मी भांडले नाही. मी सांगायची आणि हे कॅमेरा फिरवायचे. पण त्यातही गंमत होती. त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं आणि उजवं डावीकडे. मी म्हणायची, ‘‘उजवीकडे, उजवीकडे,’’ आणि हे काचेतल्या उजवीकडे जायचे. चिंकारा एकीकडे आणि आमचा कॅमेरा दुसरीकडे. त्यापायी पुढच्या रोलमधले सात फोटो वाया गेले. सातवा तर तळेगावच्या वाटेवरच्या मैलाच्या दगडाचा आला. मग मी डावं-उजवं सोडून दिलं. ‘‘बाभळीच्या बाजूला,’’ ‘‘विहिरीच्या बाजूला,’’ असं सांगायला लागले. तोवर रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

महाळुंग्याला माळाच्या कडेला एका म्हातारीचं हरभऱ्याचं वावर होतं. ती दिवस उजाडायच्या आत गोफण घेऊन राखणीला येऊन बसायची. आमची तिच्याशी ओळख झाली होती, कारण आम्ही दर वेळी तिच्याच बांधावर भाकरी खायचो. ह्यांचा कॅमेरा बघून ती म्हणाली होती, ‘‘फोटू काढून काय करनार? खानार व्हय?’’ ह्यांनी सांगितलं, ‘‘बघणार.’’ तिला ते पटलं नाही, पण तिने घाटे सोलून हातावर ठेवले.

माघात मी एकटीच तिच्याजवळ गेले आणि ह्यांच्या डोळ्यांचं सांगितलं. ती गोफण खाली ठेवून उठली. मग तिने बांधालगतच्या चार ओळी दाखवल्या. त्या ओळी ती दर वर्षी हरणांसाठीच पेरायची. तेवढ्यात हरणं आली तर ती गोफण उचलत नसे, पाचव्या ओळीत तोंड घातलं की मग दगड. ‘‘तुमी आलात की बुजून त्येबी येत न्हाईत,’’ ती म्हणाली. ‘‘हितं माज्या खोपीत बसा. येत्या ऐतवारी पाचव्या वळीत शिरली तरीबी म्या हात उचलनार न्हाई.’’

त्या रविवारी आम्ही खोपीत बसलो. म्हातारी गोफण मांडीवर घेऊन दाराशी. ऊन नुकतंच वर येत होतं आणि माळावरचं धुकं जमिनीपासून सुटत होतं. आधी माद्या आल्या. त्या आल्या असं म्हणवत नाही, धुकं उचललं आणि त्या तिथे होत्या. मग मागून तो, काळा, पोट पांढरं, शिंगं पिळाची. तो मान वर करून उभा राहिला. मी ह्यांचं मनगट धरून कॅमेरा हळूहळू फिरवला आणि कानात म्हटलं, ‘‘खुरट्या बोरीच्या बाजूला.’’

ह्यांनी काचेत पाहिलं. मी कळ दाबल्याचा आवाज ऐकायला थांबले. आवाज आला नाही.

‘‘दाबा ना.’’

‘‘थांब. मोजतोय.’’ ह्यांचे ओठ हलत होते. ‘‘सव्वीस. सगळी एकदम दिसतायत गं.’’

हरणं चार ओळी खाऊन पाचवीत शिरली, सहावीत शिरली. म्हातारीने हात उचलला नाही. ह्यांनी कळ दाबली नाही. नंतर हे उठले, खोपीबाहेर उन्हात आले आणि मला म्हणाले, ‘‘तू तिकडे बांधावर उभी राहा. तोंड उन्हाकडे.’’

ह्यांना बाहेर बघून कळप उधळला. मी म्हटलं, ‘‘अहो, हरणं चाललीत. एकच फोटो आहे.’’

‘‘जाऊ देत,’’ हे म्हणाले. ‘‘हरणं तू मला सांगशील. तू कशी दिसतेस ते मला कोण सांगणार?’’

मी रागावले. रागावले नसते तर रडले असते, आणि त्या म्हातारीसमोर मला रडायचं नव्हतं. ह्यांनी कळ दाबली.

‘‘येवढी हरनं सोडून बायकूचा काढला व्हय,’’ म्हातारी म्हणाली, आणि रिकाम्या वावरावरून उगीच एक दगड भिरकावला.

पुढे दोन वर्षांनी ह्यांनी आपणहून साहेबांना सांगितलं. एखादा कण माझ्या नजरेतून सुटला तर तो कुणाच्या तरी अंगात जाईल, असं म्हणाले. साहेबांनी ह्यांना खोकी बांधायच्या खात्यात दिलं. तिथे हातांना काम होतं. मी सायकल शिकले. मोशीच्या नाक्यावर चहा पिणारी माणसं कप हातात धरून बघत राहायची, बाई सायकल मारतेय आणि बुवा मागे कॅरिअरवर. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. चास, ससा, मुंगूस, आज नुसती टिटवी, असं मी पुढे बघत सांगत जायची आणि हे माझ्या पाठीशी ऐकत बसायचे. नदीच्या मधोमध पोचलो की आता मी थांबायची.

तो आठवा फोटो आहे अजून. त्यात माझ्या कपाळाला आठ्या आहेत, ओठ आवळलेत, पदर वाऱ्याने उडालाय. मागे लांबवर एक काळा ठिपका आहे. ते काळवीट आहे असं मी सगळ्यांना सांगते, दगडही असेल. हे सुरुवातीला फोटो डोळ्यांशी नेऊन बघायचे. मग नुसता हातात धरायला लागले, कोपरे गुळगुळीत होईपर्यंत.

शेवटी शेवटी हे रविवारी सकाळी फोटो मागायचे, मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, ‘‘अजून रागावलेलीच आहेस?’’

‘‘अजून,’’ मी म्हणायची.