बेटावरच्या कोर्टातले कारकून

नावन या आयरिश गावात आमच्या शेजारी राहणारे आजोबा पूर्वी आयल ऑफ मॅन या छोट्या बेटावरच्या कोर्टात कारकून होते. लॉकडाउनमध्ये ते कुंपणापलीकडून, एकेक शब्द तोलून, तिथल्या न्यायाधीशांबद्दल सांगत. त्यांना डीमस्टर म्हणतात. पूर्वी कायदा लिहिलेला नव्हता, तो डीमस्टरच्या छातीत, म्हणजे तोंडपाठ, असे. हेरिंग माशाचा काटा जसा बरोबर मधोमध असतो तसा निवाडा करीन, अशी शपथ ते घेतात.

आजोबांना माझ्या हातचे पोहे फार आवडत. त्या वसंतात मागच्या घरातल्या बाईंच्या झाडाच्या आमच्याकडे आलेल्या फांद्या मी न विचारता छाटल्या आणि एक घरटं मोडलं. बाई भडकल्या. मी आजोबांना म्हणालो, "तुम्हीच सांगा, कोण बरोबर?"

त्या दिवशी मी नेलेला पोह्यांचा डबा त्यांनी न उघडता परत केला. दोघांचं ऐकून घेतलं, फांद्या पाहिल्या.

"चूक तुझी आहे," ते म्हणाले. "विचारायला हवं होतंस."

मला राग आला. तरी दुसऱ्या दिवशी माफी मागायला निघालो, तर ते कोट घालून फाटकाशी उभे. म्हणाले, "एकटा जाऊ नकोस."

बाईंच्या दारात मी बोलत होतो तेवढा वेळ ते दोन मीटरवर टोपी काढून उभे राहिले.