माळकरी सरांना दिलेली कोंबडी

शाळेच्या वर्षाच्या शेवटी पाटील सरांना मी गिफ्ट म्हणून जिवंत कोंबडी दिली होती.

सर माळकरी होते.

आज सकाळी सर गेले. ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी चुलीपाशी होते. तशीच उठून खांडबाऱ्याला त्यांच्या घरी गेले. आत्ता परत आले आहे आणि लिहायला बसले आहे.

माझी मनीषा तेव्हा गावच्या झेडपी शाळेत चौथीत होती. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तिचे बाबा गेले.

मला ऊसतोडीला गुजरातेत जायचं होतं. पोरीलाही सोबत नेणार होते. तिला मागे ठेवायचा धीर नव्हता.

सर घरी आले. ओट्यावर बसले. मग म्हणाले, "ताई, पोरीला आजीजवळ राहू द्या. शाळेचं मी बघतो."

मनीषा राहिली. ती एक दिवस शाळेत दिसली नाही की सर आमच्या दारात हजर असायचे, असं सासू सांगायची.

मी स्वतः शाळेत गेलेली नाही. पोरीच्या पुस्तकांतून अक्षरं शिकले. सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी भाषण केलं नाही. मनीषाच्या दप्तरातून गोष्टींची पुस्तकं पाठवायला लागले.

"झालं वाचून की परत पाठवा, दुसरं देतो." एवढाच निरोप.

एप्रिलमध्ये मी घरी आले. चौथीचा सेंड-ऑफ होता. पालकांनी सरांसाठी भिंतीवरचं घड्याळ ठरवलं होतं. मी माझी वर्गणी किती विचारलं तर म्हणाले, "तुझं राहू दे गं."

चांगल्या मनानेच म्हणाले.

पण त्या वर्षी मला सगळेच देत होते. कुणी ज्वारी, कुणी पोरीसाठी जुने फ्रॉक. माझ्याकडून मात्र कुणी काही घेत नव्हतं. नवरा गेला की बाईला लोक फक्त देतात.

मला सरांना काहीतरी माझं द्यायचं होतं.

सासूला विचारलं. ती आमच्या बोलीत म्हणाली, "मोठ्या माणसाला काय देतात? कोंबडा देतात."

"शाळेत?"

"का? मास्तर जेवत नाही?"

"सरांच्या मोटारसायकलवर तो ओरडत जाईल."

"ओरडू दे की! रस्ताभर कळेल, मास्तरला मान मिळाला."

मी मात्र काबरी, ठिपक्याठिपक्यांची कोंबडी निवडली. मनीषाच्या बाबांनी ती एवढंसं पिल्लू असताना बाजारातून शर्टाच्या खिशात घालून आणली होती. सासूने माझ्याकडे बघितलं.

"ही?"

"हीच."

सरांच्या गळ्यातली तुळशीची माळ मी कितीदा बघितली होती. पण आमच्याकडे भगतही माळ घालतो, आणि भगताचं तर कोंबड्याशिवाय चालत नाही. मला वाटलं, सरही तसलेच कुणी मोठे.

समारंभात घड्याळ देऊन झालं, शाल झाली, फोटो झाले. मग मी पुढे गेले. पिशवीतून कोंबडीची मान बाहेर. पोरं खिदळायला लागली.

सरांनी दोन्ही हातांनी पिशवी घेतली.

सासू मागून मोठ्याने म्हणाली, "मास्तर, रस्सा पातळ करू नका! कवळी आहे, लवकर शिजेल!"

सरांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. सर मूळचे तापीकाठचे. एरवी शाळेत पुस्तकी बोलायचे, तेव्हा मात्र अहिराणीत म्हणाले, "माय, आते ही मन्ही शे. तू काळजी करू नको."

आता ती त्यांची होती; खाली बसून त्यांनी आधी तिचे बांधलेले पाय सोडले.

दुसऱ्या वर्गाच्या मॅडमनी मला व्हरांड्यात ओढलं. "अहो, काय केलंत हे! सर अंडंसुद्धा खात नाहीत. माळकरी म्हणजे काय, माहीत नाही का?"

माहीत नव्हतं.

मी धावत बाहेर आले तर सरांची गाडी निघून गेली होती. घरी येऊन म्हटलं, उद्या जाऊन परत आणते. सासू कडाडली, "दिलेलं मागायला गेलीस तर माझ्या घरात पाय ठेवू नकोस."

तो उन्हाळा मला फार जड गेला. सरांनी ती वाटेतच कुणाला देऊन टाकली असेल, असंच वाटायचं. तसं असेल तर त्यांनीही माझं काही घेतलं नव्हतं. वाईट वाटू नये म्हणून फक्त हात पुढे केला होता.

जूनमध्ये बाजाराच्या दिवशी मनीषाला घेऊन त्यांच्या घरी गेले.

अंगणात सरांच्या बायको, आमच्या वहिनी, खराटा घेऊन कोंबडीच्या मागे धावत होत्या.

"तुमचीच ना ही? या, बघा! रोज माझी तुळस उकरते!"

सर हसत बाहेर आले. "तुळशीनी माती खाई खाई ती बी माळकरी व्हई गई."

मी म्हटलं, "सर, तेव्हाच सांगायचं ना, खात नाही म्हणून."

"खायचं का पाळायचं, ते माझं मी बघेन ताई. तुम्ही देत होता. मी घेतली."

वहिनी म्हणाल्या, "घेतली यांनी, आणि खुराडं झाडतंय कोण?"

ती कोंबडी त्या अंगणात म्हातारी होऊन मेली. अंडी शेजारचे न्यायचे. रस्सा काही झाला नाही.

आज वहिनी माझा हात धरून बसल्या होत्या. त्यांच्या घरात आता चूल पेटायची नाही. नातेवाईक डब्यांचं ठरवत होते, कोण कधी आणणार. वहिनीच म्हणाल्या, "उद्या सकाळचं हिच्या घरून येऊ दे."

या वेळी मी विचारून घेतलं. "वहिनी, कांदा-लसूण चालेल ना?"

रडता रडता त्या हसल्या. "चालेल गं बाई."

सर, उद्या सकाळी डबा घेऊन येते.

तुम्ही दारात नसाल. त्याची सवय करावी लागेल. एका माणसाची केली आहे, तुमचीही करेन.

तुम्हाला माझा आणि मनीषाचा शेवटचा नमस्कार.