आईंनी काढू न दिलेली सीट

आधीच सांगते, सगळे धड परत आलोय. गाडीही धड आहे. मागच्या पोस्टमध्ये गाडीचे फोटो टाकल्यापासून इतक्या जणांनी "गेलात का? पोचलात का? अडकला नाहीत ना?" विचारलंय की मी अजून चार दिवस गप्प बसले असते, तर कोणीतरी आमच्या नावाने अभिषेक घातला असता. तर गेलो, पोचलो, एकदा अडकलो, निघालो आणि परत आलो. आता सविस्तर.

गाडी म्हणजे आमची छोटी, चार दारांची, फोर बाय फोर एसयूव्ही. सेकंडहँड. ही हौस नवऱ्याची असणार असं सगळ्यांनाच वाटतं. चावी माझ्या हातात असते तरी टायरमध्ये हवा किती भरायची हे पंपावरचे लोक निलेशलाच विचारतात. हौस माझी आहे. निलेश घाट लागला की दारावरचं हँडल धरतो आणि डोळे मिटून गाणी म्हणतो. आमच्या चौथीतल्या इराला उलटी होईपर्यंत सगळं आवडतं. चौथ्या माझ्या सासूबाई, म्हणजे आई. या वेळची सगळी उठाठेव त्यांच्यासाठी होती.

आईंची मोठी बहीण, माई, महाडच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीत राहतात. खालच्या गावापर्यंत डांबरी रस्ता आहे, एसटी येते. तिथून वाडीपर्यंतचा रस्ता काही पावसाळ्यांपूर्वी दरडीबरोबर वाहून गेला, तो पुन्हा झालाच नाही. चढून जायचं तर आईंचे गुडघे ऐकत नाहीत. वाडीतले लोक माईंना डोली करून खाली आणायला तयार होते, पण माईंनी साफ सांगितलं, "डोलीतनं आजारी मानूस उतरतो. मला काय झालंय?" त्यामुळे एक बहीण डोंगरावर आणि एक जुईनगरला, अशी काही वर्षं गेली. फोन असायचा रोज. मग माईंना ऐकू कमी यायला लागलं. आई इकडून इतक्या ओरडायच्या की खालच्या मजल्यावरच्या काकू खिडकीत यायच्या, आणि प्रश्न काहीही असला तरी तिकडून माई म्हणायच्या, "हां, जेवले मी." व्हिडिओ कॉल केला तर माईंचं अर्धं कपाळ आणि वरची कौलं दिसायची. दिवाळीत असाच एक कॉल संपल्यावर आई फोन हातात धरून तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "स्वाती, एकदा तिला समोर बघायचंय गं. नाहीतर राहून जाईल." मी लगेच हेमंतला फोन लावला.

हेमंत करावे गावचा. तुर्भ्याला त्याचं गॅरेज आहे, आणि दुसऱ्याच्या गाडीवर स्वतःची हौस भागवायची त्याला भारी आवड. ज्यांना अशी गाडी करून घ्यायची आहे त्यांच्यासाठी लिहिते: टायर कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापातलेच घ्या, फक्त जाड खोबणीचे, माती-डांबर दोन्हीकडे चालणारे. सगळ्यात जास्त खर्च त्यावरच होतो आणि तो वसूल होतो. पुढे लोखंडी गार्ड बसवू नका, त्याला बंदी आहे. खाली इंजिनला दगड लागू नये म्हणून जाड पत्रा, ओढून काढायला पुढे-मागे हुक. गाडी थोडी उचलून घेतली, पण स्प्रिंग मऊ घेतले. कडक स्प्रिंग सामान लादून जंगलात जाणाऱ्यांना ठीक, सासूबाई बसणार असतील तर नाही. आणि बदल करण्याआधी आरटीओचे नियम विचारा, विम्यावाल्यांनाही कळवा, नंतर कटकट नको.

एवढं सगळं करून गाडी ऐटीत सोसायटीच्या गेटात आणली आणि टपावरचा कॅरिअर बेसमेंटच्या दारावरच्या आडव्या लोखंडी बारला करकरत घासला. गाडी उचलून घेतली, पण बार काही उचलला गेला नव्हता. सेक्रेटरींनी फोटो काढून तो तडक ग्रुपवर टाकला. कॅरिअर उतरवावा लागला. मग सामान ठेवायचं कुठे? हेमंतकडे उत्तर तयारच होतं.

"ताई, मागची अर्धी सीट काढून टाकू. तिथं मस्त कप्प्यांचा ड्रॉवर बसवतो. शेगडी, टूल, पानी, सगला त्याच्यात. एक नंबर काम व्हईल."

मला कल्पना इतकी आवडली की मी मापंही घेऊन टाकली. आई गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पीत होत्या. त्या म्हणाल्या, "सीट काढायची नाही."

"आई, आपण चौघंच आहोत. दोघं पुढे, दोघं मागे. एक जागा रिकामीच राहते."

"राहू दे रिकामी."

"अहो, मग सामान?"

"सामान मांडीवर घेऊ. सीट काढायची नाही म्हणजे नाही." आणि त्यांनी कप खाली ठेवला. आमच्या घरात त्यांनी असा कप खाली ठेवला की विषय संपतो. मी घरी येईपर्यंत फुगून बसले होते, हे मान्य करते. हेमंतचा तर चेहराच पडला, कारण त्याने ड्रॉवरसाठी प्लाय आधीच कापून ठेवला होता.

दुसरा घोळ त्याच संध्याकाळी लक्षात आला. उचललेल्या गाडीत आईंचा पाय पोचेना. कुटुंबासाठी म्हणून गाडी केली, आणि जिच्यासाठी केली तिलाच बसता येईना! पायरी बसवली तर ती खाली दगडांना लागणार. आम्ही नवरा-बायको मोबाइलवर स्टूल शोधत बसलो, तेवढ्यात आई आत गेल्या आणि त्यांच्या माहेरचा फणसाचा पाट घेऊन आल्या. जमिनीवर ठेवला, चप्पल काढली, पाटावर पाय दिला आणि हँडल धरून आत बसल्या. चप्पल मागाहून इराने दिली. प्रत्येक वेळी असंच. पाटावर चप्पल घालून चढायचं नाही, हा नियम डोंगरातही पाळला गेला.

शनिवारी पहाटे निघालो. पनवेल सोडलं की गोवा हायवेवर काही ठिकाणी रस्ता छान आणि काही ठिकाणी असा की ऑफ-रोडची प्रॅक्टिस फुकटात होते. वडखळच्या अलीकडे नाश्ता केला. मिसळ, पोहे आणि दोनदा चहा, चौघांचं पाचशेच्या आत भागलं. मिसळ तिखट आहे, मुलांसाठी पोहेच सांगा. माणगावच्या बाजारात गाड्या हलेनात. तिथे तासभर जातोच, धरून चाला. महाडला पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप नाही आणि नंतर मोबाइलची रेंजही जाते.

खालच्या गावात माईंचे चिरंजीव बाळादादा मोटरसायकल घेऊन वाट बघत होते. मी टायरमधली हवा थोडी कमी केली, म्हणजे दगडमातीत पकड चांगली मिळते. बाळादादा पुढे, आम्ही मागे. ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं, पण तळात मोठाले दगड. लो गिअर टाकला, सावकाश उतरवली, सावकाश चढवली. निलेशने दोन कडवी म्हटली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तेवढ्यात मागे फस्स झालं. दरडीतल्या एका धारदार दगडाने टायरची बाजू कापली होती.

स्टेपनी होती, पाना होता, जॅक होता. पण जमीन ओली. जॅक फिरवावा तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच मातीत रुतत जाई. सपाट दगड शोधले, सगळे दगड तिथे टोकदारच. बाळादादा म्हणाले, "फळकूट घेऊन येतो वरनं." आणि मला आठवलं, हेमंत जॅकखाली ठेवायला लाकडाचा जाड तुकडा देणार होता. तो ड्रॉवरमध्ये ठेवायचा होता. ड्रॉवरच झाला नाही म्हणून तो राहिला.

आई शेजारच्या बांधावर बसल्या होत्या. त्यांनी पाट पुढे केला. "हा घाल."

"आई, तुमच्या माहेरचा आहे. मोडेल."

"पाट आहे, देव नाही. घाल."

घातला. पाट मोडला नाही, फक्त मधोमध जॅकचा चौकोनी खड्डा उमटला. टायर बदलला. मी घामाघूम, चिखलाने माखलेली आणि इतकी खूश की इराला उचलून गोल फिरवलं.

माई ओटीवर वाल निवडत होत्या. गाडी अंगणात आली तरी त्यांना आवाज गेला नाही. आई पाटावरून उतरल्या, चप्पल घातली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. माईंनी आधी पाय बघितले, मग वर बघितलं. "शालू? किती जाडी झालीस गो!" आईंनी त्यांच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं. मग दोघी वालाच्या सुपाशेजारी हात धरून बसल्या. मला रडू आलं. निलेशलाही आलं, तो मान्य करणार नाही. दुपारी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं, बाळादादांच्या बायकोच्या हातचं. पंचतारांकित काय ते हेच, मी दोनदा वाढून घेतलं.

रविवारी सकाळी निघायची तयारी करत होतो, तेव्हा आईंनी जाहीर केलं, "माई येतेय आपल्याबरोबर. नेरूळच्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे."

निलेशने उचललेली बॅग खाली ठेवली. "आई, आधी सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, आधी रस्ता बघून येऊ, मग ठरवू. बघितला ना आता रस्ता?"

मी विचारलं, "म्हणून सीट काढू दिली नाहीत?"

"मग? तिला काय त्या कप्प्यात घालून आणणार होतीस?"

बाळादादांची ना नव्हती, उलट त्यांचे डोळे भरून आले. प्रश्न माईंचा होता. त्यांना खुणा करून, ओरडून सगळं सांगितलं. त्या अंगणात येऊन गाडीकडे बघत राहिल्या. बराच वेळ. आईंचा हात पदराशी चाळा करत होता, आणि तेव्हा मला कळलं की एवढ्या ठाम बाईलासुद्धा भीती वाटते आहे. माई नाही म्हणाल्या असत्या तर तिथे कोणाचंच काही चाललं नसतं.

"ही डोली नाय ना?" माईंनी विचारलं.

"नाय गो आये, गाडी हाय!" बाळादादा ओरडले.

माईंनी चप्पल काढली. पाटावर पाय ठेवला आणि थांबल्या. "पाटाला खड्डा कसला पडलाय?" आता ऐकू न येण्याची पाळी आईंची होती. त्यांनी दुसरीकडे बघितलं. माईंनी आणखी एकदा खड्डा पायाने चाचपला आणि चढून आत बसल्या, त्याच सीटवर.

उतरताना मात्र माझी ऐट पार गेली होती. स्टेपनी वापरून झाली होती, मागे दोन म्हाताऱ्या आणि मध्ये इरा. अगदी पायी चालावं तशी गाडी आणली. ओढ्यात निलेशने डोळे मिटून गाणं सुरू केलं तर माई म्हणाल्या, "ह्याच्या पोटात दुखतंय काय?" डांबर लागलं तशी मी गाडी बाजूला घेतली आणि छोट्या पंपाने टायरमध्ये हवा भरायच्या निमित्ताने खाली उतरले. खरं म्हणजे जरा नुसतं उभं राहायचं होतं. हुश्श! इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

आता घरी बसून हिशोब लावते. गाडी उचलून घ्यायची गरज होती का? होती, ओढ्यात कळलं. जाड पत्रा? दोनदा कामी आला. पण गाडीत केलेल्या सगळ्या बदलांपेक्षा जो केला नाही तो जास्त कामी आला, आणि त्याचं श्रेय मला घेता येत नाही. पाट पुन्हा स्वयंपाकघरात गेलाय. माई जेवायला त्याच पाटावर बसतात आणि खड्ड्याची चौकशी अजून संपलेली नाही.

कानाचं मशीन परवा मिळालं. काल मी कणीक मळत होते आणि हेमंतचा फोन आला, म्हणून स्पीकरवर टाकला. "ताई, तो ड्रॉवर तयार हाय माज्याकडं. आता तरी सीट काढायची का?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात आतल्या खोलीतून, पंखा चालू असताना, आमच्याकडे पाठ करून बसलेल्या माई म्हणाल्या, "त्याला म्हनावं, सीट राहू दे. मला परत जायचंय."

आई मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. त्या ओरडल्या नाहीत. काही वर्षांनी पहिल्यांदाच बहिणीशी साध्या, हळू आवाजात बोलल्या, "इतक्यात कुठे चाललीस?"