भैरोबाच्या कौलाला लावलेला गूळ

हवालदारांना फुटबॉलच्या गोलातून भैरोबाने बाहेर काढले, असे आमच्या गावात अजूनही सांगतात. ते खोटे आहे. भैरोबाचा त्यात काही हात नव्हता. हात माझा होता आणि त्या हाताला गूळ लागलेला होता.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिगत सांगताना लोक हसतात, मलाही हसू येते, आणि हसण्याच्या नादात माझा गुन्हा तेवढा सांगायचा राहून जातो. असे याआधी पुष्कळदा झाले आहे.

दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षे होती. आमचे गाव कृष्णाकाठी, सांगलीपासून सायकलने अर्ध्या तासाच्या वाटेवर. मी सांगलीच्या बाजारात एका गुळाच्या अडत दुकानात कारकून होतो. अंगाला, कपड्यांना, सायकलच्या मुठींनाही गुळाचा वास असायचा.

आसपासच्या गावांतली पोरे तालमीत घुमायची. आमची पोरे तालमीतून निघून नदीकाठच्या गायरानात फुटबॉल खेळायची, ती हवालदारांमुळे. ते आधीच्या लढाईत पलटणीबरोबर इराकात, बसऱ्याला होते. येताना त्यांनी पितळी मग, बुटांचा जोड आणि हा खेळ आणला. गायरानात दोन बांबू रोवून वर सुंभ बांधला की झाला गोल. त्या दोन बांबूंमध्ये हवालदार उभे असत. खाकी हाफ पँट, पायात बसऱ्याचे बूट आणि डोक्याला पटका. मला कळायला लागल्यापासून गोल म्हणजे दोन बांबू आणि मध्ये हवालदार, असेच मी पाहत आलो होतो.

पण पन्नाशी जवळ आली तसे त्यांचे गुडघे बोलायला लागले. बॉल खालून आला की ते आधी "अगं आई गं" म्हणायचे आणि मग वाकायचे. एवढ्यात बॉल निघून गेलेला असे. मिरजेच्या मॅचला तर ते सुटलेला पटका घट्ट करत असतानाच बॉल त्यांच्या पायांमधून आत गेला. त्यांना कळलेसुद्धा नाही. मिरजेची पोरे नाचायला लागली तेव्हा त्यांनी विचारले, "काय झालं रं?"

त्यानंतर गावातल्या हॉटेलात दुसरा विषय निघेना. हॉटेलवाला जुना पैलवान आणि हवालदारांचा भक्त होता. समोर न्हाव्याचे दुकान होते. न्हावी हातात वस्तरा घेऊन रस्त्याच्या त्या बाजूने वाद घालायचा. तोपर्यंत अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक तोंडावर साबण वाळवत बसून राही.

"बसऱ्यात गोऱ्या सोजिरांचं बॉल अडीवल्यात त्या मानसानं!" हॉटेलवाला ओरडायचा.

"त्येला पंचवीस वर्सं झाली," न्हावी म्हणायचा. "आता ती सोजिरं बी म्हातारी झाली असतील. त्यास्नी आना, हवालदार अजून बी अडवील!"

"मिरजंचा गोल पटक्यामुळं झाला. पटका नसता तर अडीवला असता."

"मग पटका काढा म्हनावं."

"पटका काढल्यावर हवालदार कोन त्ये वळखायचं कसं?"

या वादात मी न्हाव्याच्या बाजूचा होतो. त्याला दोन कारणे होती आणि त्यातले मी एकच सांगत असे.

सांगत असे ते कारण म्हणजे मला नवा गोलकीपर सापडला होता. उन्हाळ्यात पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले मेंढके कळप घेऊन नदीकाठी येत. खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत. मेंढके त्यांच्याभोवती जाळीचे कुंपण उभे करत. त्याला ते वाघूर म्हणत. एका संध्याकाळी मी सायकलवरून येताना पाहिले, तर वाघुरीच्या तोंडाशी एक नुकती मिसरूड फुटलेला गडी उभा होता. बाहेर उधळलेले एकेक कोकरू तो हवेतच झेलत होता. डावीकडून आले तरी झेले, उजवीकडून आले तरी झेले. मी सायकल तिथेच टाकली. दुसऱ्या दिवशी त्याला गायरानात आणून बांबूंमध्ये उभे केले. टीममधल्या बाकीच्या दहाही जणांनी बॉल मारून पाहिले, एकही आत गेला नाही. मॅच मात्र तो कधी खेळलेला नव्हता.

"मेंढरं अडीवनं आनि बॉल अडीवनं येकच हाय का रं?" हॉटेलवाला म्हणाला.

"मेंढरू वळून पळतं. बॉल सरळ येतो," न्हावी म्हणाला. "मेंढरूच अवघड!"

दुसरे कारण मी कोणाला सांगितले नव्हते. तरुणपणी मीही टीममध्ये घुसायची खटपट केली होती. पहिल्याच दिवशी बॉल डोक्यावर येताना दिसला आणि मी डोळे मिटून खाली बसलो. हवालदार सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्यो भितरा हाय. ह्येला लिंबं चिरायला ठिवा." तेव्हापासून मी मॅचला लिंबे चिरत होतो. फुटबॉलमध्ये माझी कामगिरी म्हणजे तेवढीच. आता हा मेंढका साताऱ्याची मॅच जिंकून देईल आणि लोक म्हणतील, ह्याला कोणी शोधला? ते उत्तर मला ऐकायचे होते.

साताऱ्याची मॅच जवळ आली तरी निकाल लागेना. शेवटी हवालदार स्वतःच हॉटेलात आले. त्यांना बघून न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला.

"भांडू नका," ते म्हणाले. "देवाला इचारू. देव म्हनंल तसं."

आमच्याकडे पेरणीपासून सोयरिकीपर्यंत भैरोबाला कौल लावायची चाल होती. दोन ओल्या पाकळ्या देवाच्या छातीवर चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. चिकटवायचे काम गुरवाचे. पाकळ्या पाण्यात भिजवून, आधी उजवी मग डावी, त्याच्या हातात द्यायला तिऱ्हाईत माणूस लागे. हवालदारांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"आवं, त्यो पोरगा ह्येनंच आनलाय!" हॉटेलवाला म्हणाला.

"आसू दे. भितरा हाय. भित्र्याला देवाम्होरं लबाडी जमत न्हाई."

खरे सांगतो, तोपर्यंत माझ्या मनात लबाडी नव्हती. पण पुन्हा 'भितरा' ऐकले आणि अंगाची आग झाली. मी दुकानातून थेट देवळात आलो होतो. नखांत चिकट, ताजा गूळ होता. उजव्या पाकळीच्या पाठीवर अंगठा दाबायला कितीसा वेळ लागतो?

गुरवाने पाकळ्या लावल्या आणि मोठ्याने विचारले, "देवा, साताऱ्याला हवालदारानं गोलात उभं ऱ्हायाचं आसंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे!"

सगळे देऊळ पाकळ्यांकडे बघत होते. मग एकेक जण देवाला आठवण करून द्यायला लागला.

"देवा, बसरा ध्यानात घे!"

"देवा, गुडघं बी बघ!"

"मिरजंचं बी इसरू नगंस, देवा!"

डावी पाकळी सुटली आणि खाली पडली. कोणी टाळी वाजवली नाही. हवालदारांनी हात जोडले, डोक्याचा पटका काढून देवापुढे ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकत उठले. त्यांचे डोके मी पहिल्यांदाच उघडे पाहिले. सगळे पांढरे झाले होते.

उजवी पाकळी मात्र पडेना. दुसऱ्या दिवशीही ती तशीच होती. "देवाचं मत लय पक्कं हाय," गुरव म्हणाला. मग मुंग्यांची रांग लागली. पायरीवरून गाभाऱ्यात आणि गाभाऱ्यातून थेट देवाच्या छातीवर. देवाला गोडाची वासना झाली असा अर्थ काढून घरोघरून नैवेद्य आले. माझ्या आईनेही पोळ्या केल्या आणि माझ्याच हाती दिल्या. त्या मी मुंग्यांच्या रांगेशेजारी ठेवून आलो.

साताऱ्याला आम्ही कोळशावर चालणाऱ्या मोटारीने गेलो. पेट्रोल लढाईला गेले होते. चढ आला की सगळे उतरून मोटार ढकलत. हवालदार मात्र बॉल मांडीवर घेऊन आत बसून होते. गोलात उभे राहायचे नव्हते, पण बॉलची काळजी त्यांनी कोणाला दिली नव्हती.

साताऱ्याचे मैदान बघून आमची पोरे दबकली. तिथे गोलाला लाकडी खांब होते आणि मागे खरीखुरी जाळी लावलेली होती. आमच्या गायरानात जाळी कोणी पाहिली होती? आमचा मेंढका मात्र जाळी बघून खूश झाला. परक्या गावात त्याला काहीतरी ओळखीचे दिसले होते.

मॅच सुरू झाली. साताऱ्याच्या एका दांडग्या गड्याने बॉल असा हाणला की मी सवयीने डोळे मिटले. उघडले तर आमच्या पोराने तो हवेत उडी मारून छातीशी धरलेला. साताऱ्याच्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. न्हाव्याने हॉटेलवाल्याच्या पाठीत गुद्दा घातला. मी मान ताठ केली.

तेवढ्यात पोरगा शांतपणे मागे वळला, वाकला आणि बॉल अलगद जाळीच्या आत सोडून दिला. मग पुन्हा तोंडाशी येऊन, दोन्ही हात पसरून, पुढच्याची वाट बघत उभा राहिला.

मैदानभर जे हसू फुटले! जन्मभर त्याने जाळीच्या तोंडाशी उभे राहून जे हाती येईल ते आतच सोडले होते. आमच्या गावच्या गोलाला जाळी नव्हती म्हणून हे कधी उघडे पडले नाही. बॉल बाहेर फेकायचा असतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ते माझे काम होते.

"आरं, भायेर फेक! ती वाघूर न्हवं!" हवालदार गोलामागून ओरडले. तिथून पुढे ते मागे उभे राहून सांगत राहिले आणि पोरगा अडवत राहिला. पण आता प्रत्येक बॉल धरला की पोरगा आधी मागे हवालदारांकडे बघायला लागला होता. अर्ध्या वेळेला सगळी टीम हवालदारांभोवती जमली. न्हावी सगळ्यांत पुढे होता.

"आवं हवालदार, पाया पडतो. उभं ऱ्हावा. तुमी म्हातारं न्हाई, कायबी न्हाई!"

"देवानं नगं म्हनलंय," ते म्हणाले. त्यांचे डोळे खांबांवर होते. उभे राहायची त्यांची किती इच्छा आहे हे लहान पोरालाही कळले असते.

तेव्हा एक वाक्य बोललो असतो तरी चालले असते. मी लिंबे चिरत राहिलो. आम्ही त्या एका गोलाने हरलो.

परतीच्या वाटेवर ते माझ्याच शेजारी बसले होते. "देव रुसला माज्यावर," ते म्हणाले. "बिनकारनी न्हाई रुसायचा. मीच कुटंतरी चुकलोय." मी खिडकीबाहेर बघत होतो.

पुढे कळले की त्यांनी चूक शोधून काढली. फार पूर्वी त्यांनी बांधाचा दगड भावाच्या रानात हातभर आत सरकवला होता. तो त्यांनी होता तिथे नेऊन ठेवला. भाऊ घाबरून वैद्याला घेऊन आला. मेंढक्याला त्यांनी गायरानात रोज शिकवले आणि तो पुढे नावाजलेला गोलकीपर झाला. पण बांबूंच्या मध्ये हवालदार पुन्हा उभे राहिले नाहीत, शिकवतानाही नाही. बाजूला उभे राहून काठीने दाखवायचे. मी कामाचे निमित्त काढून गायरानाकडे जाणे सोडले.

लढाई संपली, स्वराज्य आले. एके दुपारी हवालदार सांगलीला आमच्या दुकानात आले. गुळाच्या ढेपांमधून वाट काढत माझ्यापुढे आले आणि त्यांनी हात जोडले.

"गड्या, बांध दिला तरी मनाला बरं वाटंना. लय इचार केला. तुला चारचौगांत भितरा म्हनलो, लिंबं चिरायला बसीवलं. देव त्येच्यावरच रुसला आसंल. मला माफ कर."

 मी त्यांना खाली बसवले, पाणी दिले आणि अंगठ्यापासून मुंग्यांपर्यंत सगळे सांगितले. ते पाण्याचा तांब्या तसाच धरून ऐकत होते.

"म्हंजी देव कायबी बोलला न्हाई?"

"न्हाई."

"मग माजा बांध?"

मी शेजारच्या ढेपेवरचा गूळ नखाने खरवडायला लागलो.

"हातभर बांध, ह्या टोकापास्नं त्या टोकापतूर! त्यात औंदा त्येनं ऊस लावलाय!"

"चांगला आलाय का?" मी विचारले. का विचारले कोण जाणे.

"लय!" हवालदार असे गरजले की हमालांनी ढेपा खाली ठेवल्या. मग ते तांब्यातले पाणी घटाघटा प्यायले. शेवटी आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "मी म्हातारा झालो हुतो का न्हाई, येवडं सांग."

"झाला हुता, हवालदार."

"मग तोंडावर का सांगितलं न्हाईस? मला येवडं सांगाय देव कशाला लागतोय?"

मी त्यांच्या पायांवर वाकलो. गुडघ्यांमुळे त्यांना मला उठवता येईना. डोळे घट्ट मिटून मी पुटपुटायला लागलो.

"डोळं उगड," ते म्हणाले. "डोळं उगड आनि मंग म्हन."

मी डोळे उघडले. त्यांच्याकडे बघून म्हणालो, "तुमच्या तोंडावर बोलायला भ्यालो, म्हनून देवाचं नाव फुडं केलं. साताऱ्यात समदी तुमच्या पाया पडत हुती, तवा बी लिंबं चिरत गप बसलो. चुकलो, हवालदार. मला माफ करा."