दमयंतीबाईंचे चार केस

आमच्या जामखेडात वैशाखात ओला पंचा दोरीवर टाकून पाठ फिरवावी, तोवर तो पापडासारखा कडक होतो. अशा गावात दत्तोपंत मास्तरांनी हवेतला ओलावा मोजायला घेतला, तेव्हा त्यांना खुळं म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो. ते शाळेत शास्त्र शिकवायचे, मी मराठी. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांना खोकला आला तरी मला ऐकू यायचा, इतकं जवळ राहून मी त्यांच्यापासून जेवढं लांब राहता येईल तेवढं राहिलो.

त्यांची पत्नी दमयंतीबाई त्रेचाळीसच्या चैत्रात तापाने गेल्या. मूलबाळ नव्हतं. आषाढात शाळेच्या लाकडांत धामण निघाली, शिपायाने काठी घातली, आणि मास्तर मध्ये पडले. कणा दुखावलेलं ते जनावर सोडलं असतं तर घारीने उचललं असतं. मास्तरांनी त्याला चहाच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं, वर जाळी ठोकली आणि घरी आणलं. झालं! उरलीसुरली माणसंही यायची बंद झाली. धामण बिनविषारी असते हे मला ठाऊक होतं, माझ्या पायांना नव्हतं. आषाढाआधी तीन महिने मी का गेलो नाही, याला मात्र धामणीचंही निमित्त नाही. रडणाऱ्या माणसासमोर काय बोलावं ते मला सुचत नाही, एवढंच.

पुढच्या वैशाखात धामणीचे डोळे दुधाळ झाले. कात टाकायची वेळ आली, पण हवा कोरडी, म्हणून कात चिकटून बसली आणि तिचे तुकडे पडू लागले. मास्तरांनी मला ओट्यावरूनच सांगितलं, "डोळ्यांवरची कात निघाली नाही तर ही आंधळी होईल. मग खाणार नाही."

"मग पाणी मारा की."

"तेच तर! जास्त झालं तर पोटाला फोड येतात. किती मारायचं ते मोजायला हवं."

एक कोरडा आणि एक ओली चिंधी गुंडाळलेला, अशा दोन थर्मामीटरांवरून ओलावा काढता येतो, पण लढाईमुळे बाजारात थर्मामीटर मिळेना, शाळेतलं फुटलेलं. मास्तरांनी स्वतःच यंत्र जुळवलं. माणसाचा लांब केस ओल्या हवेत किंचित लांबतो. त्याचं वरचं टोक खिळ्याला बांधायचं, खालचं दोऱ्याच्या रिळावरून घेऊन त्याला कवडी टांगायची, रिळाला केरसुणीची काडी लावायची. केस लांबला की कवडी उतरते, रीळ फिरतं, काडी सरकते.

पण केस आणायचा कुठून? मास्तरांच्या डोक्याचा गोटा. गावात बाईमाणसाकडे केस मागणं म्हणजे करणीचा बोभाटा ओढवून घेणं. दोन्ही घरची धुणीभांडी करणारी राहीबाई, जीव लावणारी बाई, पण तीही म्हणाली, "मास्तर, भाकरी मागा, केस न्हाई द्याची." दमयंतीबाई आपलं गुंतवळ साठवून सुया-बिब्बेवालीला देत, त्यामुळे घरात काही उरलं नव्हतं. त्यांच्या फणीत अडकलेले चार केस होते, तेवढेच. मास्तरांनी ते चारही एकत्र वळून यंत्राला लावले.

काडी हलेना. हवा अजून कोरडीच आहे असं धरून मास्तर खोक्यावर टाकलेलं गोणपाट भिजवत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी धामणीच्या पोटाला लाल फोड दिसले. मास्तर घाबरले. त्यांनी यंत्र उकळत्या पातेल्यावर धरलं, वाफेने त्यांचा चष्मा धुरकटला, तरी काडी आपली जागच्या जागी.

राहीबाई त्यांच्या परसात भांडी घासत होती, मी कुंपणाअलीकडे माझ्या परसात होतो. ती म्हणाली, "मास्तर, त्या केसांत पानी शिरंल कसं? बाईंनी जल्मभर माक्याचं तेल चोळलंय त्यास्नी. रिठ्यानं धुवा की."

बारा वर्षं शास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे कळू नये? मला हसू आलं. पण मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, "मला माहीत आहे, राहीबाई." मग आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

नंतर राहीबाईनेच मला सांगितलं. रोज सकाळी मास्तर त्या केसांपाशी नाक नेऊन उभे राहायचे. लुगडी माहेरी गेली, उशीचा अभ्रा धुतला गेला, बाईंचा वास फक्त त्या चार केसांत राहिला होता. चार केसांना वास तो कितीसा येणार? पण मास्तरांना यायचा.

दोन दिवस ते शाळेत आले नाहीत. भिंतीपलीकडून मला त्यांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. उठून जावं असं मला चारदा वाटलं आणि चारही वेळा मी वह्या तपासत बसलो. याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या सकाळी त्यांनी राहीबाईकडे रिठे मागितले. वाटीत फेस केला, केस त्यात बुडवून बोटांनी हलकेच चोळले, पुन्हा पुन्हा. राहीबाई म्हणाली, "तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसं घालत हुते. तोंडातनं एक सबुद न्हाई." केस वाळवून लावले, ओलं गोणपाट जवळ नेलं, आणि काडी दीड बोट सरकली.

मग त्यांनी खुणा केल्या. काडी या रेघेच्या वर गेली की पाणी मारायचं, त्या रेघेखाली उतरली की गोणपाट काढून घ्यायचं. पोटावरचे फोड सुकले. पाचव्या दिवशी धामणीने नाकापासून शेपटीपर्यंत अखंड कात टाकली, डोळ्यांवरच्या दोन काचांसकट.

मास्तर ती कात दोन्ही हातांवर घेऊन माझ्या दारात आले. दाखवायला दुसरं कुणी नव्हतंच. या वेळी मात्र मी उठलो आणि त्यांच्यामागून त्यांच्या घरात गेलो. धामण खोक्यात स्वच्छ काळ्या डोळ्यांनी पाहत होती. "जिंकलात, मास्तर!" मी म्हणालो.

सवयीने ते यंत्रापाशी वाकले, नाक केसांजवळ नेलं, क्षणभर थांबले आणि सरळ झाले.

"आठवड्यापूर्वी या घरात आम्ही तिघं होतो," ते म्हणाले.

मी चुलीपाशी जाऊन बसलो. त्यांनी चूल पेटवून चहा ठेवला आणि मी तो घेतला. बाई गेल्यावर त्या घरात मी घेतलेला तो पहिला चहा, तेरा महिन्यांनी.