आखाड्यातली मेथी

आमच्या तालमीतली माती तयार झाली की नाही, हे मातीआबा ती जिभेवर ठेवून सांगत. चिमूटभर तोंडात टाकायची, डोळे मिटायचे, आणि बाजूला थुंकून म्हणायचं, "अजून कच्ची हाय." की पुन्हा ताक, हळद, तेल, लिंबू घालून मळणं सुरू. धारूरच्या डोंगराखालच्या आमच्या गावात तालीम देशमुखांची, पैलवान देशमुखांचे, खुराकही देशमुखांचा. माती तेवढी आबांची होती.

जत्रेत आबा पंच असत, आणि त्यांची एक खोड होती. कुस्ती संपली की जिंकलेल्याकडे बघायचंच नाही. तिकडे फेटा, गुलाल, खांद्यावर नाचवणं चाललेलं, आणि हे पाण्याचा तांब्या घेऊन हरलेल्यापाशी उकिडवे बसलेले. "जितलेल्याला समदं गाव हाय. ह्याला कोन हाय?" मी एकदा हरलो तेव्हा ते पाणी प्यालो आहे. त्या दिवशी हरल्याचं मला काही वाटलं नव्हतं.

एकाच तालमीतल्या दोघांची जोड लागली, तर आबा ती थोडा वेळ खेळवून बरोबरीत सोडवत. लोक कुरकुरत. आबा म्हणत, "सकाळी एका घंगाळातलं पानी अंगावर घ्यायचं, अन् दुपारी एकमेकाला कशापायी पाडायचं बे?" गावाला हे हळूहळू पटलं होतं. आमची अशी जोड म्हणजे लोकांच्या लेखी नमनाची कुस्ती.

आबांचा एकुलता मुलगा सदा आणि मी अशीच जोड होतो. दोघंही विशीतले. त्या वर्षी जत्रेला निजामाचे तालुकदारसाहेब आले होते. रिवाजाप्रमाणे आबांनी आमची कुस्ती सोडवली, तेव्हा साहेबांनी पान चघळत विचारलं, "ये क्या हुआ? जीता कौन?" एवढ्यावरून देशमुखांचं तोंड उतरलं. ते उठून ओरडले, "कुस्ती निकाली करा! एकाची पाठ लागल्याबिगर कुनी भाईर यायचं न्हाई!" आबा आमच्या दोघांच्या मध्ये उभे राहिले. शिपायांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

आम्ही पुन्हा भिडलो. खोटं कशाला बोलू, मलाही जिंकायचं होतं. बऱ्याच झटापटीनंतर सदाची मान माझ्या काखेत सापडली. लोक ओरडत राहिले आणि मी दाबत राहिलो. सदा पडला तो उठला नाही. मला फेटा बांधला गेला. सदा चार दिवस घरात उघड्या डोळ्यांनी पडून होता, पाचव्या दिवशी गेला.

तेराव्याला देशमुख आबांच्या दारात आले. जोडेही काढले नाहीत. "पोरगं मर्दासारखं गेलं, आबा. खेळ म्हनलं की असं व्हायचंच. फुडल्या जत्रेला माती तुमच्याच हातची पायजे, साहेब पुन्हा येनार हायेत." मी तिथंच कोपऱ्यात बसलो होतो. त्या माणसाच्या नरड्याला धरावं असं मला वाटलं, आणि धरलं नाही याचा आजही संताप येतो. आबा खाली बघत म्हणाले, "करतो, मालक."

वर्षभर आबा माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या जत्रेला वीस दिवस राहिले, तेव्हा त्यांनी निरोप पाठवून मला बोलावलं. देशमुखांनी हैद्राबादेहून नामांकित पैलवान ठरवला होता आणि त्याच्यासमोर मला उभं करायचं होतं. देवळामागच्या उघड्या आखाड्याभोवती आबांनी कापसाच्या पऱ्हाट्यांचा उंच कूड घातला होता. "यंदा माती निजवायची हाय. कुनी आत बघायचं न्हाई. पानी तू वाहायचं." मी रोज सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून कावड आणायचो, आबा कुडाच्या फटीतून घागरी आत ओढून घ्यायचे. एक दिवस न राहवून मी म्हणालो, "आबा, तुमी मला माफ केलं, लई उपकार झाले." कुडाआडून उत्तर आलं, "माफ न्हाई केलं. कामाला लावलं."

जत्रेच्या दिवशी सगळं शिवार चैत्राच्या उन्हात करपलेलं होतं. तालुकदारसाहेब खुर्चीवर बसले. देशमुखांनी नारळ फोडला, आबांनी कूड पाडला, आणि आत वीतभर उंच, दाट, हिरवीगार मेथी उभी होती. कडेपासून कडेपर्यंत. मग देशमुख माझ्यावर ओरडले, "उतर बे खाली!"

मी काठावर उभा होतो, लंगोट लावून, अंगाला तेल चोळून. कुणब्याचा पोर मी. "उभ्या पिकात पाय कसा घालू, मालक?" हैद्राबादच्या पैलवानानं खाली वाकून एक पान खुडलं, चावून बघितलं, आणि सदरा परत अंगात घातला. "खेत में कुश्ती नहीं होती, साहब," तो म्हणाला. तोही शेतकऱ्याच्याच घरचा निघाला. देशमुखांनी गड्यांना उपटायला सांगितलं. एकही गडी हलला नाही. गर्दीत सगळी रानात राबणारी माणसं, आणि सदाचं कसं झालं हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मग देशमुख स्वतःच उतरले. जरीच्या जोड्यांनिशी, शिव्या घालत, एकटेच मेथी तुडवू लागले. वीस दिवसांच्या पाण्यानं माती मऊ झाली होती, पाय घोट्यापर्यंत जायचे. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. तालुकदारसाहेबांना हसू आवरेना, ते रुमाल तोंडावर धरून घोड्याकडे गेले. देशमुख वर आले तेव्हा त्यांचा एक जोडा आत राहिला होता आणि तो काढून द्यायला कुणी पुढे झालं नाही. हे सांगताना मला अजून आनंद होतो. लाज बिलकुल वाटत नाही.

आबांना दोन दिवसांत गाव सोडावं लागलं. आष्टीकडे त्यांची लेक दिली होती. बैलगाडीनं मीच पोचवायला गेलो होतो. वाटेत मी विचारलं, "आता तरी जीव थंडावला का, आबा?"

"न्हाई."

लेकीचं गाव दिसायला लागलं तशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरले आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाले, "मान धरल्यावर सदा काई बोलला व्हता का बे?"

वर्षभर मी गावाला आणि स्वतःला एकच सांगत आलो होतो, की देशमुखांचा हुकूम होता. पण आबांसमोर ते तोंडातून निघेना.

"'सोड' म्हनला व्हता. दोनदा."

"तुला ऐकू आलं?"

"आलं."

आबांनी कासऱ्यावरच्या माझ्या हाताकडे बघितलं. मग त्यांनी गाठोडं काखेत मारलं. "देशमुखाचं मी बघितलं. तुझं तू बघ." आणि लेकीच्या घराकडे चालू लागले.

त्यानंतर मी लंगोट लावला नाही. आबा पुढं चार पावसाळे जगले, पण मला बोलावणं आलं नाही आणि मीही गेलो नाही. देशमुखांवरचा राग मी मरेपर्यंत जपणार आहे. फक्त त्यांचं नाव घेतलं की मागोमाग माझंही घ्यावं लागतं.