पोट आत घेऊ नका

आमच्या औशाच्या मोंढ्यात आरोग्य केंद्रातली एक सिस्टर येते. गळ्यात शिंप्यासारखी पिवळी टेप. "कमरेचा घेर वाढला की काळजाला धोका, मालक," म्हणत एकेका अडत दुकानात शिरते आणि गादीवरच्या माणसाला उभं करते.

उभं राहिलं की जो तो पोट आत ओढतो. चांगले वजनदार अडते श्वास कोंडून लालबुंद होतात. सिस्टर वाद घालत नाही. टेप सैल धरून सहज विचारते, "आज सोयाबीन काय भाव निघालं ओ?" भावाचा विषय निघाल्यावर मोंढ्यात कोण गप्प बसणार? "भाव? ह्याला काय भाव म्हणतेत का?" म्हणून माणूस तडकतो आणि पोट आपल्या जागेवर येऊन बसतं. मग ती आकडा वाचते, समोरच्या दुकानातही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

परवा ती माझ्याकडं आली. काही झालं तरी तोंड उघडायचं नाही असं ठरवून मी पोट ओढून उभा राहिलो. तिनं भाव विचारलाच नाही. भिंतीवरच्या फोटोकडं बघत म्हणाली, "आप्पा तुमच्याच वयाचे होते न्हवं, गेले तवा?"

वडील याच गादीवर गेले होते, हातात चहाचा कप असताना.

"हाव," मी म्हणालो, आणि कोंडलेला श्वास सुटला.

सिस्टरनं टेप नीट लावली, आकडा वाचला आणि कधी नव्हे ते, फक्त मलाच ऐकू येईल इतक्या हळू सांगितला.